लिलाववाल्या डेल्मरचे चमत्कार

माझ्या बहिणीचा नवरा डेल्मर प्रूइट याचा आवाज मोठा होता आणि कंबर नाजूक. आवाजावर त्याचं पोट चालायचं आणि कंबरेवर त्याची सुट्टी. दर गुरुवारी आमच्या ड्राय वेल्सच्या गुरांच्या बाजारात तो फळ्यांच्या माचावर उभा राहून लिलाव पुकारायचा. तो इतका भरभर बोलायचा की समोरच्याने नाक खाजवायला हात वर केला तरी त्याच्या गळ्यात एक गाय पडायची. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत तो कंबर धरून आरामखुर्चीत पडलेला असायचा, आणि माझी बहीण ओपल शाळेच्या भटारखान्यात दोनशे पोरांसाठी घेवडा शिजवत असायची.

ड्राय वेल्समध्ये बघण्यासारखं काही नाही. गावामागचे तांबडे कडे तेवढे आहेत, आणि ते टीव्हीवाल्यांना फार आवडायचे. त्या काळात घोड्यांच्या आणि बंदुकांच्या मालिका जोरात होत्या. वर्षातून दोन-तीनदा ते लोक ट्रक भरभरून यायचे आणि माझ्या बारा खोल्यांच्या मोटेलात उतरायचे. गर्दीत उभं राहायला ते आम्हा गावकऱ्यांनाच घ्यायचे. त्यामुळे आमच्या गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस टीव्हीवर एकदा तरी मेलेला होता. चर्चचे डीकन हार्लन बीसन तर दोनदा दरोडा घालताना मेले होते आणि एकदा फासावर गेले होते. रविवारी ते दानाची थाळी फिरवायला आले की मला त्यांच्या गळ्यातला दोर आठवायचा.

साठ सालच्या एप्रिलमध्ये ते आले ते मार्शलच्या, म्हणजे बंदूकवाल्या फौजदाराच्या, मालिकेचा एक भाग करायला. गोष्ट सरळ होती. ब्रदर अँब्रोज नावाचा एक भोंदू रंगीत गाडी घेऊन गावोगाव फिरतो, हात लावून दुखणी बरी करतो. त्याची स्वतःचीच मुलगी चाकाच्या खुर्चीत बसून पांगळेपणाचं सोंग करते आणि प्रत्येक गावात नव्याने चालायला लागते. मार्शलला संशय येतो. तो खुर्चीखाली उंदीर सोडतो. पोरगी टेबलावर उडी मारते. भोंदू उघडा पडतो, गावकरी त्याला हाकलून देतात. एवढंच.

भोंदूचं काम करायला शहरातून एक वजनदार नट आणला होता. दुसऱ्याच दिवशी घोड्याने त्याच्या पायावर पाय दिला आणि तीन बोटं मोडली. दिग्दर्शक फेल्डन माझ्या काउंटरवर डोकं धरून बसला. कॉफी गार झाली तरी त्याने उचलली नाही. तो गुरुवार होता. बाजार मोटेलाच्या मागेच आहे, आणि खिडकी उघडी होती.

"हा कोण बोंबलतोय?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचा नवरा."

"त्याला वाचता येतं?"

"गाईच्या कानातले बिल्ले वाचतो," मी म्हटलं.

दुपारी डेल्मरच्या अंगावर काळा लांब कोट होता.

आम्ही सगळे गर्दी म्हणून टोपडी घालून उन्हात उभे. डेल्मरला कागदावरची अर्धी वाक्यं लक्षात राहिली, उरलेल्यांच्या जागी त्याने स्वतःची घातली. लहानपणी ओक्लाहोमात त्याच्या बापाने त्याला तंबूतल्या एकाही प्रार्थनासभेतून सोडलं नव्हतं. तीस वर्षं आत मुरलेलं ते सगळं बाहेर आलं. आणि जिथे तेही संपलं तिथे लिलाव सुरू झाला.

"या दुखण्याला कोण ठेवून घेतो?" तो गरजला. "कोणी नाही? मग हे चाललं. एक वार. दोन वार. तीन वार. गेलं."

फेल्डन कॅमेऱ्यामागे खूश होऊन मांडीवर मुठी मारत होता. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या हेस्टर गँडीबाईंचा उजवा हात वर गेला. तो हात चार वर्षं खांद्याच्या वर जात नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बाईंनी ते कोणापासून लपवलं नव्हतं.

फेल्डनने काम थांबवलं. "त्या आजींनी हात का वर केला?"

"मी नाही केला," हेस्टरबाई म्हणाल्या. "तो गेला."

"माशी मारत होतात तुम्ही," मी हळूच म्हटलं.

"माशी मी डाव्या हाताने मारते, नेटी."

तो भाग ऑक्टोबरात शनिवारी संध्याकाळी लागला. गावात चांगला टीव्ही माझ्याकडेच, म्हणून चाळीस माणसं मोटेलाच्या बैठकीत कोंबून बसली. मी मोठ्या पातेल्यात तिखट मांस-घेवडा केला होता. डेल्मर इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला. पडद्यावर तो खरोखर छान दिसला, हे मला कबूल केलं पाहिजे. मग उंदीर सुटला, पोरीने उडी मारली, मार्शल म्हणाला की ज्याला तुम्ही देवमाणूस समजलात तो भामटा आहे, आणि आम्ही सगळे डेल्मरच्या मागे दांडकी घेऊन धावलो. सगळ्यांत पुढे हेस्टरबाई, उजव्या हातात झाडू उगारून.

डेल्मर पोट धरून हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"शेवट त्या शहरातल्या लोकांनी घातलाय," हेस्टरबाई म्हणाल्या. "त्यांचा कशावरच विश्वास नसतो."

डीकन बीसननी मान डोलावली. "उंदीर बघून कोणीही उठेल. त्याने काय सिद्ध होतं?"

"तिच्या पायांना काही झालेलं नव्हतं, हे सिद्ध होतं," ओपल म्हणाली.

"म्हणजे तोपर्यंत बरी झाली होती ना," डीकन म्हणाले.

ओपलने माझ्याकडे पाहिलं आणि ती भांडी घासायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटायच्या आत ओपलच्या दारात तीन गाड्या उभ्या होत्या. शेजारच्या जिल्ह्यातली माणसं. कोणाचे गुडघे, कोणाचा दमा, एकीचा नवरा दारू सोडत नव्हता म्हणून तिने त्याची टोपी आणली होती. डेल्मरने सगळ्यांना परत पाठवलं. नऊ दिवस तो परत पाठवत होता, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. "मी लिलाववाला आहे," तो सांगायचा. माणसं समजूतदारपणे मान हलवायची आणि कुंपणापाशी जाऊन बसायची.

दहाव्या दिवशी एक ट्रकवाला आला. त्याला सहा दिवस उचकी लागली होती. तो मागच्या दाराने शिरला. डेल्मर न्हाणीघरातून बाहेर येत होता. अंधाऱ्या बोळात परका माणूस अंगावर आलेला बघून डेल्मर अशा आवाजात किंचाळला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. ट्रकवाल्याची उचकी थांबली. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि डेल्मरचे हात धरून रडला.

त्यानंतर कोणालाच थांबवणं शक्य नव्हतं, आणि डेल्मरला तर नाहीच. मी जवळून पाहिलंय. त्याला ते आवडलं. वीस वर्षं त्याला लोकांनी गाईची किंमत कळावी म्हणून ऐकलं होतं. आता लोक त्याच्या तोंडाकडे बघत ऐकायचे. त्याच्याकडे कोंबड्या यायला लागल्या, मध, लोकरी पायमोजे, एकदा तर अख्खं डुक्कर. आरामखुर्ची रिकामी पडली.

"तुझ्यात खरंच काही आहे असं वाटतं तुला?" ओपलने त्याला माझ्यासमोर विचारलं.

"मला काही वाटत नाही. पण त्यांना बरं वाटतं ना."

"मग आधी स्वतःची कंबर बरी करून दाखव."

"ते स्वतःवर चालत नाही, ओपल."

"सोयीचं आहे," ती म्हणाली आणि शाळेत निघून गेली. दोनशे पोरं जेवायची थांबली होती.

मार्चपर्यंत त्याने जुना तंबू मिळवला. कोट होताच. टीव्हीवाल्यांच्या कपडेवाल्या बाईने त्याला तो एप्रिलमध्येच देऊन टाकला होता, कारण काखेतले घामाचे डाग जात नव्हते. दर रविवारी तो आजूबाजूच्या गावांना जायचा. ओपल एकदाही गेली नाही. जूनमध्ये त्याची कंबर इतकी धरली की त्याला गाडी चालवता येईना, तेव्हा तिने मला गळ घातली, "तू ने त्याला. आणि बघून ये काय चाललंय ते."

गाव होतं मिलर्स ट्रेस. भर दुपार, तंबूत तीनेकशे माणसं, पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. तंबूच्या मागे मी डेल्मरच्या सदऱ्याखाली चामड्याचा पट्टा आवळला. एकटीला जमेना, म्हणून हेस्टरबाईंना बोलावलं. त्या आता प्रत्येक सभेला साक्ष द्यायला जायच्या. आम्ही दोघींनी घोड्याचा तंग आवळावा तसा तो पट्टा ओढला. डेल्मरने दोन पांढऱ्या गोळ्या गिळल्या, वरून कोट चढवला आणि पुढे जाऊन अकरा जणांची कंबरदुखी बरी केली.

"हेस्टरबाई," मी म्हटलं, "तुम्ही आत्ताच त्याला पट्टा बांधलात."

"मग?"

"मग काही नाही."

पुढे सगळं टीव्हीसारखंच. तीच वाक्यं, तेच हात पसरणं. लोकांना पाठ होतं. डेल्मर "एक वार" म्हणाला की तीनशे ओठ त्याच्याबरोबर हलायचे. मार्शलने त्याला काय काय म्हटलं होतं तेही त्यांना पाठ असणार, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग एमोस टिली फळ्यांच्या माचावर, डेल्मरपुढे आला. रेल्वेच्या रुळांवर काम करणारा, हडकुळा, उन्हाने भाजलेला माणूस. त्याच्याबरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती, वांडा जीन. तिला पोलिओ होऊन गेला होता. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे बंद. दोघं दीडशे मैलांवरून आले होते. मुलीने नवा फ्रॉक घातला होता, आणि तिच्या वेण्या इतक्या घट्ट होत्या की डोळे ताणले गेले होते. आईविना पोरीच्या वेण्या बापाने घातल्या की अशा होतात.

आतापर्यंत डेल्मरकडे उचकी, गुडघे आणि टोप्या आल्या होत्या. असं कोणी आलं नव्हतं. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला, मला वाटतं तो तिला नुसता आशीर्वाद देऊन खाली पाठवणार होता. पण एमोस गुडघ्यावर बसला आणि भराभर बंद सोडायला लागला. त्याने ते लोखंड तिच्या पायातून काढलं, उभा राहिला आणि सगळ्या जोराने माणसांच्या डोक्यांवरून तंबूबाहेर फेकून दिलं. खडकावर आपटल्याचा आवाज आला. तंबू आनंदाने ओरडला.

"घ्या, ब्रदर," एमोस म्हणाला. "आता तिला ते लागत नाही."

वांडा जीन बापाचा कंबरपट्टा धरून एका पायावर उभी होती. डेल्मरचा चेहरा कणकेसारखा झाला. पण तीनशे माणसं वाट बघत होती, आणि त्याच्या तोंडाला सवय होती.

"एक वार," तो म्हणाला. लोक म्हणाले, एक वार. "दोन वार." लोक म्हणाले, दोन वार.

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. एमोसने मुलीची बोटं आपल्या पट्ट्यावरून सोडवली आणि एक पाऊल मागे सरकला.

ती पडली. सरळ पुढे, फळ्यांवर, हनुवटीवर. हनुवटी फुटली. ती रडली नाही. तिने मान वर करून डेल्मरकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "चुकलं का माझं? परत करू?"

मी पहिल्या बाकावर होते, म्हणून मला ऐकू आलं.

डेल्मर तिच्यापाशी खाली बसला आणि त्याची कंबर तिथेच धरली. त्याला उठता येईना. मग दोघंही फळ्यांवर, एक रक्ताळलेली, एक काळ्या कोटात.

"ते लोखंड इकडे आणा," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. "विश्वास ठेवा, ब्रदर," मागून एकजण म्हणाला.

"अरे, ते लोखंड आणा रे कोणीतरी."

मी बाहेर जाऊन आणलं. गुडघ्यापाशी बिजागरी वाकली होती. डेल्मर ते तिच्या पायाला बांधायला लागला तर त्याच्या हातून बंद उलटे जात होते. "आधी खालचा," वांडा जीनने त्याला शिकवलं. "मग गुडघ्याचा. तो इतका घट्ट नाही करायचा." त्याने तिचं ऐकून एकेक बंद लावला. तीनशे माणसं बघत होती.

मग तो बसल्या जागेवरून बोलला. त्याचा नेहमीचा आवाज नव्हता तो.

"मी गुरं विकतो," तो म्हणाला. "ती वाक्यं एका शहरातल्या माणसाने कागदावर लिहून दिली होती. गोष्टीतला तो माणूस भामटा आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मला काही येत नाही. हे बघा." त्याने कोट उघडला, सदरा वर केला आणि पट्टा दाखवला.

मग एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती नम्र आहे बघा."

"आपली सगळी दुखणी त्याने अंगावर घेतली," शेजारीण म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

"नाही हो," डेल्मर जवळजवळ रडवेला झाला. "मी खोटा आहे. तुम्ही घरी जा. डॉक्टरकडे जा. ह्या पोरीला डॉक्टरकडे न्या."

खोटा असल्याचं त्यांनी पचवलं होतं. घरी जा म्हटलेलं त्यांना पचलं नाही. मागच्या बाकावरचा एक जाडा माणूस उठला. "आमची पाळी अजून आली नाही," तो म्हणाला. "माझी बायको पहाटेपासून रांगेत उभी आहे." दुसरा म्हणाला, निवडक लोकांना बरं करायचं आणि बाकीच्यांना डॉक्टर दाखवायचा, हा कुठला न्याय. मग सगळेच उठले. कोणीतरी तंबूचे दोर सोडले. सरबताच्या बाटल्या उडायला लागल्या. मी आणि हेस्टरबाईंनी डेल्मरला बगलेत धरून गाडीपर्यंत ओढत नेलं, आणि माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर एक कलिंगड फुटलं.

एमोस टिली गाडीच्या दारापाशी आला. त्याच्या कडेवर मुलगी होती, त्याचा सदरा तिच्या हनुवटीच्या रक्ताने भिजला होता. तो ओरडला नाही.

"तुम्ही तिसऱ्यांदा म्हणाला नाहीत," तो डेल्मरला म्हणाला. "म्हणाला असतात तर ती उभी राहिली असती."

मी गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर हेस्टरबाई माझ्याशेजारी रुसून बसल्या होत्या आणि डेल्मर मागच्या सीटवर आडवा पडला होता. चाळीसेक मैलांनंतर तो म्हणाला, "नेटी, ती म्हणाली, परत करू का."

"ऐकलं मी."

"माझी परवानगी मागत होती."

मी खिडकी खाली केली.

ओपलला सगळं सांगितलं तेव्हा तिने त्याला बोल लावले नाहीत, आणि त्याला ते जास्त लागलं. तिने चौकशी करून टिलींचं घर शोधलं. पुढच्या शनिवारी ती डेल्मरला घेऊन तिथे गेली. एमोसने दार उघडलं नाही. ओपलने मांसाच्या रश्श्याचं पातेलं पायरीवर ठेवलं आणि दाराला सांगितलं, "मिस्टर टिली, पातेलं मला परत लागेल, तेव्हा मी इथेच बसते." तासाभराने दार उघडलं.

वाकलेली बिजागरी डेल्मरने बाजारातल्या खोगीरवाल्याकडून सरळ करून आणली, आणि मुलीला तपासायला डॉक्टरकडे न्यायच्या गाडीचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. चमत्कार काही झाला नाही. डॉक्टरांनी मुलीला मापाचं नवं लोखंड दिलं, कारण जुनं तिला केव्हाच लहान झालं होतं. बापाला वाटत होतं पाय बिघडतोय. वांडा जीन आता तालुक्याच्या कचेरीत नोंदणीच्या टेबलावर असते, लोखंडासकट, आणि एक खोडलेलं अक्षर दिसलं तर अर्ज परत फेकते. एमोस अजून भेटेल त्याला सांगतो की डेल्मर प्रूइटला देणगी होती, ऐन वेळी त्याने कच खाल्ली.

हेस्टरबाईंचा हात थंडीत पुन्हा खांद्याखाली आला. "त्याने ते सगळं बोलून टाकलं म्हणून," त्यांनी मला सुनावलं. "तोंड बंद ठेवलं असतं तर माझं काय बिघडलं होतं?" गावातल्या बऱ्याच जणांचं हेच मत पडलं. ब्रदर डेल्मर भोंदू होता याचा राग कोणाला नव्हता. त्याने ते आपण होऊन सांगितलं, आमच्या तोंडावर, याचा होता. डीकन बीसन वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि हे असे डीकन की जे टीव्हीवर तीनदा मेले होते.

डेल्मर गुरुवारच्या बाजारात परत गेला. कंबरेवर शस्त्रक्रिया झाली, ती बऱ्यापैकी लागू पडली. आरामखुर्चीत बसणं त्याने कमी केलं. सकाळी शाळेच्या भटारखान्यात ओपलबरोबर बटाटे सोलायला जायला लागला, तिला त्याची मदत म्हणजे दुप्पट काम वाटायचं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात हात लावून दुखणी बरी करणारा एक मोठा प्रार्थनावाला आला. तंबू पट्ट्यापट्ट्यांचा, स्वतःचा बाजा, स्वतःची वीज. अर्धा गाव लोटला. "हा खरा आहे," डीकन मला म्हणाले. "हा कधी टीव्हीवर आलेला नाही." डेल्मरही गेला, शेवटच्या बाकावर बसला. मला वाटलं, जुनी खाज. पण एक परगावची बाई कुबड्यांवर चालणाऱ्या मुलीला घेऊन पुढे गेली, प्रार्थनावाल्याने त्या कुबड्या काढून फेकायला उचलल्या, तेव्हा डेल्मर उठून तिथपर्यंत चालत गेला आणि त्याने त्या धरून ठेवल्या. भाषण केलं नाही, काही नाही. नुसत्या धरून ठेवल्या. प्रार्थनावाला ओढतोय, हा सोडत नाही. शेवटी दोघा दांडग्या माणसांनी त्याला कंबरेत धरून कुबड्यांसकट बाहेर काढलं.

तो माझ्या काउंटरवर आला तेव्हा कुबड्या त्याच्याकडे नव्हत्या. त्या बाईच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून आलो, म्हणाला. बाई काय म्हणाली, मी विचारलं. ती त्याच्याकडे बघून थुंकली होती. मी त्याला दोन अंडी तळून दिली. अंडी खाऊन तो हळूहळू घरी गेला आणि पुढचे तीन दिवस पालथा पडून होता.